नाणे आणि कोंदण

दुसऱ्या शतकात रोममध्ये पोम्पोनियस नावाचा कायदेपंडित होऊन गेला. त्याच्यापुढचा एक प्रश्न मृत्युपत्राचा होता. मालकी एकाची आणि वापर दुसऱ्याचा, अशी वाटणी घराची करता येते, शेताची करता येते. पैशाची कशी करणार? पैसा वापरला की खर्च होतो आणि मूळ मालकाला परत द्यायला काही उरत नाही. पोम्पोनियसने यात एक अपवाद नोंदवला. सोन्याचांदीची जी जुनी नाणी लोक रत्नांसारखी वापरतात, त्यांचा उपभोग मृत्युपत्राने देता येतो, असे त्याचे मत होते. सम्राट जस्टिनियनने ५३३ साली जारी केलेल्या ‘डायजेस्ट’ या कायदेसंग्रहात ते टिकून राहिले.

कायद्याच्या या रूक्ष नोंदीत किती गोष्टी सांगून झाल्या आहेत! दागिन्यात नाणी बसवण्याची चाल तेव्हाच इतकी रुळली होती की तिच्यावरून कज्जे होत. लोकांना त्यासाठी जुनी नाणी हवी असत, म्हणजे नाण्याच्या वयाला आधीच मोल आले होते. आणि सर्वांत महत्त्वाचे, कोंदणात गेलेले नाणे कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या जातीची वस्तू झाले होते. ते आता खर्च होत नव्हते, वापरले जात होते. आज मिलान, लंडन किंवा न्यूयॉर्कच्या एखाद्या कारखान्यात हाताने घडवलेल्या कफलिंकवर, अंगठीवर किंवा पर्सच्या खटक्यावर रोमन नाणे बसवले जाते, तेव्हा अठराशे वर्षांहून जुनी चाल पुढे चालते. ही फॅशन विसाव्या शतकातल्या जवाहिऱ्यांनी शोधली, असा समज सर्वत्र आहे. या पुस्तकाने तो दूर केला तरी त्याचे निम्मे काम झाले असे मी म्हणेन.

विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी आधी नाण्यांची थोडी ओळख. रोमनांचे सोन्याचे मुख्य नाणे ऑरियस. ज्युलियस सीझरच्या काळात एका रोमन पौंडातून ४० ऑरियस पाडले जात, म्हणजे एकेकाचे वजन सुमारे ८ ग्रॅम. नीरोने ६४ साली ते पौंडाला ४५ असे उतरवले. पुढे चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टंटाइनने सॉलिडस हे नवे नाणे आणले. ते पौंडाला ७२, म्हणजे साडेचार ग्रॅमचे. वजन घटत गेले तरी सोने मात्र बहुतेक काळ जवळजवळ निर्भेळ राहिले. चांदीच्या डिनारियसचे नशीब असे नव्हते. ऑगस्टसच्या काळात त्याची चांदी चोख होती. तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर त्याची जागा घेणारे नाणे म्हणजे तांब्यावर चांदीचा मुलामा, इथवर घसरण झाली. ही घसरण दागिन्यांच्या इतिहासाचा कणा आहे. बाजारातले चलन जितके खोटे होत गेले, तितके चोख सोन्याचे नाणे बाजारातून निघून पेटीत आणि गळ्यात जाऊन बसले. नाण्यांचे दागिने तिसऱ्या शतकात एकाएकी वाढतात, त्याचे एक मोठे कारण हे.

ते एकच कारण नव्हे. अभ्यासकांची मते इथून फुटतात. काहींच्या मते असा दागिना म्हणजे निव्वळ साठवण, संकटात कडी काढून नाणे मोडता यावे यासाठी केलेली. दुसरा पक्ष सम्राटाच्या देणग्यांकडे बोट दाखवतो. राज्यारोहणाला, विजयाला, कारकिर्दीच्या दहाव्या किंवा विसाव्या वर्षाला सम्राट सरदारांना आणि अधिकाऱ्यांना सोन्याची नाणी आणि मोठी पदके वाटत असे. मिळालेले पदक छातीवर मिरवणे म्हणजे आपण कोणाचे माणूस आहोत हे सांगणे. तिसरा पक्ष म्हणतो, हे ताईत होते. यालाही भक्कम आधार आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस अँटिऑकमध्ये जॉन क्रिसोस्टोम हा धर्मोपदेशक आपल्या श्रोत्यांना खडसावताना दिसतो, कारण ख्रिस्ती म्हणवणारे लोक अलेक्झांडरची तांब्याची नाणी डोक्याला आणि पायाला बांधत होते. सम्राटाच्या प्रतिमेतही असेच काही सामर्थ्य मानले जाई. टायबेरियसच्या काळात ऑगस्टसची छबी असलेले नाणे किंवा अंगठी घेऊन शौचकुपात अथवा वेश्यागृहात जाणे हा देहदंडाचा गुन्हा ठरला होता, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. धातूच्या एवढ्याशा तुकड्यावरच्या चेहऱ्याला इतकी प्रतिष्ठा असेल, तर तो चेहरा गळ्यात घालताना माणसाच्या मनात केवळ सोन्याचा भाव असेल, हे मला पटत नाही.

मला या तिन्ही मतांपेक्षा दागिना स्वतः काय सांगतो ते जास्त विश्वासार्ह वाटते, आणि या पुस्तकाची भिस्त त्यावरच आहे. फ्रान्समधल्या रेन शहरात १७७४ साली सापडलेली सोन्याची थाळी घ्या. ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नाणेसंग्रहात आहे. मध्यभागी बॅकस आणि हर्क्युलिस यांची मद्यपानाची स्पर्धा कोरलेली आहे आणि काठावर १६ ऑरियस बसवले आहेत. हेड्रियनपासून सेप्टिमियस सेव्हेरसच्या मुलांपर्यंतचे चेहरे त्यांत आहेत. एका नाण्याभोवती लॉरेलच्या पानांची माळ, पुढच्याभोवती अकँथसची, अशी आलटून पालटून चौकट. सेव्हेरसने आपले घराणे मार्कस ऑरेलियसच्या घराण्याशी जोडून घेतले होते. थाळीच्या काठावर ते जुने चेहरे नव्या चेहऱ्यांच्या पंगतीला बसले आहेत. ही निवड सोन्याच्या वजनाने केलेली नाही. कोणीतरी नाणी ओळखून, लावून, हेतूने मांडली आहेत.

तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या सोनारांचे सर्वांत देखणे काम जाळीच्या चौकटींचे. सोन्याच्या पातळ पत्र्यावर नक्षी आखायची, बारीक छिन्न्यांनी नको तेवढा भाग छेदून काढायचा आणि उरलेल्या सोन्याची जाळी करायची. या कामाला अभ्यासक ऑपस इंटरासिले म्हणतात. नाणे धरण्यासाठी त्याच्या काठाभोवती सोन्याची पट्टी वळवून तिची कड दोन्ही बाजूंनी हलकेच आत मुडपत. नाण्याला डाख लागत नसे, आच लागत नसे. पट्टी उघडली तर नाणे जसेच्या तसे बाहेर यावे, अशी ही रचना. कॉन्स्टंटाइनची सिरमियमच्या टांकसाळीतली दुप्पट वजनाची सॉलिडस नाणी बसवलेली काही पदके या कामाचा कळस आहेत. षट्कोनी आणि अष्टकोनी चौकटी, त्यांत वेलींची जाळी, जाळीतून बाहेर डोकावणारे माणसांचे छोटे चेहरे. ती एकाच दागिन्याचे भाग असावीत असे मानतात. आज ती लंडन, पॅरिस, वॉशिंग्टन आणि क्लीव्हलंड अशी पांगली आहेत. ती कुठल्या जमिनीतून निघाली, सोबत काय होते, कोणाच्या घरात होती, याची खात्रीची नोंद उरलेली नाही. इतके सुंदर काम आणि त्याला गाव नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

साम्राज्याच्या सीमेबाहेर हीच नाणी गेली, तेव्हा त्यांचा संसार बदलला. रोमेनियातल्या शिमलेउ सिल्वानिएइ इथे १७९७ साली निघालेल्या खजिन्यात मॅक्सिमिअनपासून ग्रेशियनपर्यंतच्या सम्राटांची सोन्याची पदके होती. ती आज व्हिएन्नात आहेत. रोमने ही पदके सीमेपलीकडच्या सरदारांना नजराणा म्हणून दिली असावीत. त्या सरदारांनी पदकांना जाडजूड कड्या आणि रुंद चौकटी लावल्या आणि काही पदकांची तर नक्कलच करून घेतली. आणखी उत्तरेला, स्कँडिनेव्हियात, पाचव्या-सहाव्या शतकातल्या सोनारांनी सम्राटाचा चेहरा पातळ सोन्याच्या चकतीवर पुन्हा पुन्हा ठोकला, आणि हळूहळू तो चेहरा रोमन राहिला नाही. केस वाढले, घोडा आला, रून लिपीतली अक्षरे आली. डेन्मार्कमध्ये विंडेलेव इथे २०२० च्या अखेरीस सुमारे ८०० ग्रॅम सोन्याचा साठा सापडला. त्यात दागिने केलेली रोमन नाणीही होती आणि अशा चकत्याही. शोधणाऱ्याने संग्रहालयाला कळवले, तिथे रीतसर उत्खनन झाले, जमिनीखाली एका लांब घराचे अवशेष मिळाले. एका चकतीवर ओडिन या देवाचा उल्लेख असल्याचे २०२३ साली वाचले गेले, आजवर ज्ञात असलेला सर्वांत जुना. कॉन्स्टंटाइनच्या त्या गावहीन पदकांशेजारी विंडेलेव ठेवून पाहिले की जमिनीची साक्ष म्हणजे काय ते कळते.

पूर्वेकडे, कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात, नाण्यांचे दागिने अधिक भारदस्त आणि अधिक दरबारी झाले. सायप्रसमध्ये सापडलेला आणि आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेला कमरपट्टा सॉलिडस नाण्यांचा आणि सम्राट मॉरिसच्या चार मोठ्या पदकांचा आहे. इजिप्तमधल्या असयूतच्या खजिन्यातले नाण्यांचे उरोभूषण त्याच परंपरेतले. त्याच सुमारास दूर इंग्लंडमध्ये कोणा अँग्लो-सॅक्सन सोनाराने हेराक्लियसचे सॉलिडस लालभडक गार्नेट जडवलेल्या क्रुसाच्या मध्यभागी बसवले. विल्टनचा क्रूस म्हणून तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

यापुढची काही शतके मी भरभर ओलांडतो. मध्ययुगात युरोपात सोन्याची नाणी मुळात दुर्मीळ झाली आणि त्यांच्या दागिन्यांचा जोर ओसरला. पंधराव्या-सोळाव्या शतकात प्राचीन रोमचे वेड पुन्हा जागे झाले तेव्हा रोमन नाणी विद्वानांच्या मेजावर आली. ओलोमोउत्सचा मानवतावादी पंडित आउगुस्टिन केसेनब्रोट याने १५०८ साली रोमन नाणी बसवलेली सोन्याची थाळी करवून विद्वानांच्या मंडळाला भेट दिली. ती ड्रेस्डेनच्या ग्रीन व्हॉल्टमध्ये आहे. रेनची थाळी तेव्हा अजून जमिनीत होती. तरी दोघींची कल्पना इतकी सारखी आहे की पाहणारा थबकतो. याच वेडाने नकलाही जन्माला घातल्या. पादुआचा जोव्हान्नी दा काव्हिनो सोळाव्या शतकात रोमन धर्तीची पदके इतक्या सफाईने घडवत असे की त्यांना ‘पादुअन’ हे नावच पडले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कार्ल व्हिल्हेल्म बेकरने प्राचीन नाण्यांचे खोटे ठसे कोरले. आज कोंदणातले नाणे तपासताना काठ झाकलेला असतो, वजन स्वतंत्रपणे करता येत नाही. खोट्या नाण्याला याहून चांगला आडोसा नाही. घेणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे.

आधुनिक परंपरेचे उगमस्थान पुन्हा रोमच. फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी याने १८१४ साली तिथे पेढी उघडली. त्याने आणि त्याच्या अलेस्सांद्रो आणि औगुस्तो या मुलांनी उत्खननात निघणारे एट्रुस्कन आणि रोमन दागिने बारकाईने अभ्यासले आणि तसे काम पुन्हा घडवायचे मनावर घेतले. त्यांना प्राचीन दागिन्याची नुसती छाया नको होती, हत्यार धरण्याची रीत हवी होती. त्यांच्या दागिन्यांत प्राचीन नाणी येतात ती या अभ्यासाच्या पोटी. विसाव्या शतकात बुल्गारीने याला संपूर्ण वेगळे वळण दिले. एपिरसहून आलेल्या सोतिरिओ बुल्गारी या ग्रीक चांदीकाराने १८८४ साली रोममध्ये दुकान काढले होते. त्याच्या घराण्यातल्या निकोला बुल्गारीला नाण्यांचा नाद होता. १९६० च्या दशकात त्यांची नाण्यांच्या दागिन्यांची मालिका आली. सोन्याची जाड, सपाट कड्यांची साखळी आणि तिच्यात प्राचीन नाणे; कोंदणावर सम्राटाचे नाव आणि काळ कोरलेला. कास्तेल्लानींना प्राचीन दागिना जिवंत करायचा होता. बुल्गारीने आधुनिक दागिन्यात प्राचीन नाणे ठेवले आणि दोघांमधले अंतर लपवले नाही. दोन्ही पंथांचा मला आदर आहे, पण मला दुसरा अधिक प्रामाणिक वाटतो. तिथे आजचा सोनार दोन हजार वर्षांपूर्वीचा असल्याचा आव आणत नाही, आणि कोरलेली नोंद पाहणाऱ्याला हातात काय आहे ते सांगते.

आता या कामाचे लोण लहान कारागिरांपर्यंत पोहोचले आहे. सोन्याचे ऑरियस थोड्यांनाच परवडतात, पण डिनारियस आणि चौथ्या शतकातली लहान ब्राँझ नाणी मुबलक आहेत. त्यांच्या अंगठ्या, बटणे, कफलिंक, पेनांच्या टोप्या होतात. ब्राँझचे नाणे अंगावर वागवणे हे सोन्याइतके सोपे नाही. जमिनीतले क्षार त्याच्या अंगात मुरलेले असतात. घाम आणि दमट हवा मिळाली की त्यावर फिकट हिरवी भुकटी धरू लागते आणि नाणे आतून खाल्ले जाते. चांदीचे जुने नाणे शतकानुशतके पुरून राहिल्याने ठिसूळ झालेले असू शकते. कोंदण आवळताना त्याला तडा जातो. चकाकीसाठी नाणे घासून काढणारा कारागीर दोन हजार वर्षांचा थर आणि ठशाचे बारकावे एका दुपारी घालवतो. अशा घासलेल्या, डाख लागलेल्या नाण्याची किंमत संग्राहक कमी करतात, आणि त्यांचे चुकत नाही.

पण संग्राहकांचीही एक खोड आहे. नाणकशास्त्राच्या यादीत जुने कोंदण, कडीची खूण, भोक हे सारे ‘दोष’ या सदरात पडते. दागिन्यांच्या यादीत उलट, चौकटीचे वर्णन ओळीच्या ओळी आणि नाण्यापुढे ‘प्राचीन’ एवढाच शब्द. नाण्याचे भोक हा दोष असेलही, पण तो कोणीतरी हेतूने पाडलेला आहे. ते डोक्याच्या वर आहे की अक्षरांवर? एक आहे की दोन? कड घासलेली आहे का? नाणे पाडल्यापासून कोंदणात जाईपर्यंत किती वर्षे गेली? या पुस्तकाच्या लेखिकेने प्रत्येक वस्तूत नाण्याचा काळ आणि कोंदणाचा काळ वेगवेगळा नोंदवला आहे, आणि मागची बाजू तितक्याच काळजीने पाहिली आहे. दिसायला ही साधी गोष्ट, पण दोन शास्त्रांमधली भिंत नेमकी तिथे पडते.

भारताशी या विषयाचा संबंध ओढूनताणून आणावा लागत नाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी नफ्याने बदलता येतात असे म्हटले आहे, आणि पैठण व तगर, म्हणजे तेर, या बाजारपेठांची नावे आहेत. भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार प्रसिद्ध आहे. पुदुक्कोट्टईला १८९८ साली सापडलेल्या ऑरियसांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. तो का घातला यावर अभ्यासक आजही भांडतात. कर्नाटकातल्या अक्की आलूरच्या साठ्यात उत्तरकालीन सॉलिडस आहेत आणि त्यांतल्या अनेकांना डोक्याच्या वर दोन भोके आहेत. एका भोकात ओवलेले नाणे गळ्यात गरगर फिरते. दोन भोकांनी ते सपाट आणि सरळ राहते. म्हणजे अनोळखी देशातल्या अनोळखी राजाचा चेहरा उलटा होऊ नये, अशी काळजी इथल्या सोनाराने घेतली होती.

आणि ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांनी काय केले? तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरला रोमन नाण्यांवरून घडवलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत, गळ्यात ओवता येतील अशा. स्कँडिनेव्हियाचा सोनार आणि दख्खनचा कुंभार यांच्यामध्ये काही शतके आणि अर्धे जग आहे. दोघेही साम्राज्याच्या हद्दीबाहेर होते, दोघांनीही रोमन नाणे दागिना म्हणून पाहिले आणि आपल्या हाताशी असलेल्या वस्तूत उतरवले. पुढे व्हेनिसची डुकाट नाणी आली, आपल्याकडे पुतळ्यांची माळ झाली, चकत्यांवर लक्ष्मी आणि राम-सीता अवतरले. नाण्याची माळ कशी असते हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या आजीच्या डब्यात ती असते.

हा विषय आत्ताच निकडीचा का, तर बाजार वाढला आहे म्हणून. दागिन्यासाठी मागणी आली की शेतात रात्री मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारेही वाढतात. १९७० चा युनेस्कोचा करार, ब्रिटनचा १९९६ चा निखात कायदा, इटलीशी झालेल्या करारात अमेरिकेने २०११ साली प्राचीन नाण्यांचा केलेला समावेश, आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा, या सर्वांचा रोख एकच आहे. वस्तू कुठून आली ते सांगा. लेखिकेची भूमिका कडक आहे आणि ती मला मान्य आहे: ज्या नाण्याची कागदोपत्री वाटचाल माहीत नाही ते कोंदणात जाऊ नये, आणि जे जाईल ते डाख न लावता, पुन्हा काढता येईल असे बसवावे. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीचे सोनार हे करत होते, तेव्हा आजच्या कारागिराला ते जमणार नाही असे म्हणण्यात अर्थ नाही.

पुस्तकाने स्वतःला मर्यादा घालून घेतल्या आहेत. ग्रीक नाणी प्रसंगापुरती येतात, कुषाण सोन्याची पदके बाजूला ठेवली आहेत, आणि भारतातल्या मातीच्या चकत्यांना जेमतेम काही पाने मिळाली आहेत. ही शेवटची उणीव मला सलते, पण ती लेखिकेची नव्हे. त्या चकत्यांवर कोंदणाच्या अंगाने फारसे काम झालेलेच नाही. चकतीची कडी वेगळी करून जोडली की एकाच साच्यातून निघाली, भोक भाजण्याआधी पाडले की नंतर, दोऱ्याने ते झिजले आहे का, हे सारे साध्या भिंगाने दिसू शकते. मराठी विद्यार्थ्याला त्यासाठी रोमला जावे लागत नाही. तेरच्या संग्रहालयात अर्ज करावा लागतो.